कुकरच्या काळ्या हँडलमागचा रसायनशास्त्रज्ञ

कुकर जुना झाला, की भंगारवाल्याकडे जातो. भंगारवाला ॲल्युमिनियमचे वजन करतो, पैसे देतो आणि काळे हँडल मात्र उचकटून बाजूला टाकतो. त्याच्या लेखी त्याला किंमत नाही. ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा भांडे करता येते, ते हँडल वितळत नाही. वर्षानुवर्षे आचेशेजारी राहूनही ज्याला काही झाले नाही, त्याला उकिरड्यावरही काही होत नाही.

हा गुण आणि हा दोष, दोन्हींचा जनक एकच माणूस होता, लिओ बेकलँड. त्यांनी बनवलेल्या पदार्थाला त्यांच्याच नावावरून बेकेलाइट म्हणतात. जुन्या घरांतली काळी बटणे, वजनदार काळे टेलिफोन, रेडिओची पेटी, गाडीतले विजेचे भाग, या सगळ्यांत तो होता आणि काही ठिकाणी अजूनही आहे. आज देशोदेशींच्या विद्यापीठांत पर्यावरणाला झेपतील अशा संमिश्र पदार्थांवर पीएच.डी.चे संशोधन चालते. त्यातल्या अनेक प्रश्नांची मुळे या एका माणसाच्या आयुष्यात सापडतात.

चांभाराचा मुलगा

बेकलँड यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८६३ रोजी बेल्जियममधील गेंट शहरात झाला. वडील चांभारकाम करत, आई लोकांच्या घरी कामाला जाई. मुलाने लवकर हाताखाली यावे, असे वडिलांचे मत. आईने मात्र शिक्षणाचा हट्ट सोडला नाही. मुलगा हुशार निघाला. शहराची शिष्यवृत्ती मिळाली आणि सतराव्या वर्षाच्या आसपास तो गेंटच्या विद्यापीठात दाखल झाला. १८८४ मध्ये, जेमतेम विशी गाठलेली असताना, त्यांनी सर्वोच्च श्रेणीत डॉक्टरेट मिळवली.

पुढचा रस्ता सरळ होता. अध्यापन सुरू झाले, बढती मिळाली. १८८९ मध्ये त्यांनी आपल्याच प्राध्यापकांच्या, थिओडोर स्वार्ट्स यांच्या, मुलीशी, सेलिनशी लग्न केले. त्याच वर्षी प्रवासाची शिष्यवृत्ती घेऊन दोघे अमेरिकेला गेले. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स चँडलर यांनी या तरुणाला तिथेच राहण्याचा आग्रह केला. फोटोग्राफीचे साहित्य बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी मिळाली आणि गेंटची प्राध्यापकी मागे पडली.

आजारपणाने शिकवलेला धडा

नोकरी सोडून स्वतंत्र सल्लागार झाल्यावर बेकलँड यांनी एकाच वेळी अनेक शोधांच्या मागे धावायला सुरुवात केली. एकही पुरा होईना. अशात ते गंभीर आजारी पडले. पैसे संपत आले होते, कर्ज वाढत होते आणि अर्धवट प्रयोगांचा ढीग साचला होता. अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांनी आयुष्याचा हिशेब मांडला. दहा कामे अर्धी करण्यापेक्षा यशाची सर्वाधिक शक्यता असलेले एकच काम तडीस न्यायचे, असे त्यांनी ठरवले.

ते काम म्हणजे फोटो छापण्याचा नवा कागद. तोपर्यंत छायाचित्रकार सूर्यप्रकाशात फोटो छापत. ढगाळ दिवशी काम ठप्प. बेकलँड यांचा ‘वेलॉक्स’ कागद घरातल्या दिव्याच्या उजेडातही चाले. सुरुवातीला त्याला गिऱ्हाईक मिळेना. १८९३ मध्ये अमेरिकेत मंदी होती, शिवाय छायाचित्रकारांना जुनी सवय सोडवत नव्हती. हळूहळू जम बसला आणि १८९९ मध्ये कोडॅकचे जॉर्ज ईस्टमन यांनी हा सगळा व्यवसाय भली मोठी रक्कम देऊन विकत घेतला. पस्तिशीतल्या बेकलँड यांना आता पोटासाठी काम करण्याची गरज उरली नाही. संसारात मात्र एक जखम होती. तीन मुलांपैकी एक मुलगी बालपणीच दगावली होती.

हातात पैसा आल्यावर त्यांनी हडसन नदीकाठच्या याँकर्स गावी मोठे घर घेतले आणि आवारातल्या एका जुन्या इमारतीत प्रयोगशाळा थाटली. त्यानंतर ते जर्मनीला जाऊन पुन्हा विद्यार्थी झाले. वीज आणि रसायन यांचा संबंध शिकण्यासाठी त्यांनी तिथे एक हिवाळा काढला.

लाखेचा प्रश्न

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वीज घरोघरी पोचू लागली होती. विजेच्या तारेवर आणि गुंडाळ्यांवर विद्युतरोधक लेप लागतो. त्यासाठी लाख वापरत आणि ती प्रामुख्याने भारतातून जाई. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर राहणारे लाखेचे बारीक किडे हा राळेसारखा पदार्थ तयार करतात. आपल्याकडे लाख जुनी ओळखीची. लाक्षागृहाची गोष्ट लहानपणीच कानावर पडते, लाखेच्या बांगड्या बाजारात दिसतात, सावंतवाडीच्या लाकूडकामावर लाखेचा मुलामा असतो. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्याही लाखेच्याच.

पण किड्यांच्या कामाला गती देता येत नाही. विजेची मागणी वाढली तशी लाखेची किंमतही वाढली. लाखेला पर्याय शोधणारा श्रीमंत होणार, हे रसायनशास्त्रज्ञांना दिसत होते. बेकलँड यांनी त्यासाठी फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड ही दोन रसायने निवडली.

दवाखान्याशी संबंध आलेल्या कोणालाही ही दोन्ही परकी नाहीत. फिनॉल म्हणजेच कार्बोलिक ॲसिड. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी याच रसायनाने जखमा निर्जंतुक करण्याची पद्धत मांडली आणि शस्त्रक्रियेचा चेहरा बदलला. फॉर्मल्डिहाइडचे पाण्यातले द्रावण म्हणजे फॉर्मेलिन. तपासणीसाठी काढलेला शरीराचा तुकडा ज्यात बुडवून प्रयोगशाळेत पाठवतात, ते डोळ्यांना झोंबणारे पाणी. ही दोन रसायने एकत्र आली की चिकट गोळा तयार होतो, हे जर्मन शास्त्रज्ञ अडॉल्फ फॉन बेयर यांनी १८७२ मध्येच पाहिले होते. त्यांना हवे होते रंग. हा गोळा गाळता येईना, विरघळेना, काचेच्या भांड्याला चिकटून बसे. तो निरुपयोगी म्हणून टाकून देण्यात आला.

पुढच्या संशोधकांची अडचण वेगळी होती. ही प्रक्रिया तापली की आवरत नाही. वाफ आणि वायू सुटून गोळा फसफसतो आणि आत बुडबुडे राहून ठिसूळ होतो. म्हणून सगळे जण कमी तापमानावर, जपून काम करत. बेकलँड आणि त्यांचे सहकारी नॅथॅनियल थर्लो यांनी आधी लाखेसारखा विरघळणारा पदार्थ बनवला. त्याला त्यांनी ‘नोव्होलॅक’ हे नाव दिले. तो फारसा चालला नाही.

मग १९०७ च्या जूनमध्ये बेकलँड यांनी वेगळी वाट धरली. मऊ लाकूड कठीण करता येईल का, हे पाहण्यासाठी त्यांनी लाकडाच्या तुकड्यांत हे मिश्रण मुरवले आणि बंद नळीत तापवले. लाकूड मनासारखे झाले नाही, पण त्यातून पाझरलेले मिश्रण दगडासारखे घट्ट झालेले दिसले. ते विरघळेना, तापवूनही मऊ होईना. इतरांना जी तक्रार वाटली होती, तीच त्यांना हवी असलेली गोष्ट वाटली. फसफसणे थांबवण्यासाठी तापमान कमी करण्याऐवजी त्यांनी बंद भांड्यात दाब वाढवला. झाकण घट्ट असले की आत पाणी जास्त तापूनही उसळून बाहेर येत नाही. प्रेशर कुकरचे तत्त्व तेच. कुकरचे हँडल कुकरसारख्याच भांड्यात जन्मले, असे म्हणायला हरकत नाही.

१३ जुलै १९०७ रोजी त्यांनी उष्णता आणि दाबाच्या या पद्धतीसाठी पेटंटचा अर्ज केला. फेब्रुवारी १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या रसायनशास्त्रज्ञांपुढे पदार्थ जाहीर झाला आणि १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली. पूर्णपणे कृत्रिम असे हे पहिले प्लास्टिक.

गूळ आणि वीट

बेकेलाइट वितळत का नाही? गूळ तापवला की पातळ होतो, थंड झाला की घट्ट, पुन्हा तापवला की पुन्हा पातळ. पाण्याच्या बाटलीचे प्लास्टिक या जातीचे. विटेचे तसे नाही. कच्ची वीट पाण्यात विरघळते, पण एकदा भट्टीतून निघाली की ती पुन्हा माती होत नाही. बेकेलाइट विटेच्या जातीचे. तापवताना त्याचे रेणू चहूबाजूंनी एकमेकांशी जोडले जाऊन एक जाळे तयार होते. ते जाळे उष्णतेने सुटत नाही. फार तापवले तर जळते.

मात्र शुद्ध बेकेलाइट ठिसूळ असते, आपटले की फुटते. इथे बेकलँड यांनी जे केले, ते आपल्या खेड्यांतल्या घरांना नवे नाही. भिंत लिंपताना मातीत गवत किंवा तूस घालतात, म्हणजे भिंतीला भेगा पडत नाहीत. माती धरून ठेवते, तूस ताण घेते. दोन पदार्थ मिळून एकट्याला न जमणारे काम करतात, यालाच संमिश्र पदार्थ म्हणतात. बेकेलाइटमध्ये लाकडाचे बारीक पीठ मिसळले जाऊ लागले. अनेकदा वस्तूच्या वजनाचा निम्म्याच्या आसपास भाग लाकडाचाच असे. त्याने मजबुती वाढली आणि खर्च उतरला. कुठे सुती कापड, कुठे कागदाचे थर बेकेलाइटमध्ये भिजवून दाबले गेले.

अशा थरांतूनच १९१३ मध्ये अमेरिकेत फॉर्मायका जन्मले. विजेच्या कामात अभ्रकाला, म्हणजे मायकाला, पर्याय म्हणून ते बनवले, म्हणून हे नाव. आपल्या टेबलांवरचे, कपाटांवरचे सनमायका त्याच घराण्यातले. वरचा चकचकीत थर वेगळ्या राळेचा असतो, पण खालचे तपकिरी कागदाचे थर आजही फिनॉलच्या राळेत भिजवलेले असतात.

यशाची उतरंड

पुढची वीस वर्षे बेकलँड यांची होती. मोटारी, टेलिफोन आणि रेडिओ एकाच काळात वाढले आणि तिन्हींना बेकेलाइट हवे होते. १९१६ मध्ये पर्किन पदक मिळाले. १९२४ मध्ये ते अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकले. १९२७ च्या सुमारास मूळ पेटंटची मुदत संपली आणि स्पर्धक वाढले. मुलगा जॉर्ज कंपनीत होता, पण बापलेकांचे सूर जुळले नाहीत. १९३९ मध्ये कंपनी युनियन कार्बाइडला विकली गेली. याच नावाच्या समूहाच्या भोपाळमधील कारखान्यात १९८४ मध्ये भीषण दुर्घटना घडली. तिचा बेकेलाइटशी संबंध नव्हता. तरी रासायनिक उद्योगाची वाट कुठून कुठे गेली, हे त्या नावामुळे लक्षात येते.

उतारवयात बेकलँड एकलकोंडे झाले. फ्लोरिडातल्या घरी बाग फुलवावी, डब्यातले अन्न खावे, फार कोणात मिसळू नये, असा त्यांचा दिनक्रम झाला. २३ फेब्रुवारी १९४४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील बीकन येथे, एका आरोग्यधामात, मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले.

उशिरा आलेले दुष्परिणाम

एखादे औषध बाजारात येते तेव्हा त्याचा गुण लगेच दिसतो. दुष्परिणाम कधीकधी वर्षांनी कळतात. बेकेलाइटचे तसेच झाले. पक्के झालेले बेकेलाइट स्वतः निरुपद्रवी असते. कुकरच्या हँडलला हात लावल्याने काही होत नाही. त्रास झाला तो ते बनवणाऱ्यांना, कापणाऱ्यांना आणि जाळणाऱ्यांना.

फिनॉल कातडी जाळते आणि कातडीतून शरीरात शिरते. फॉर्मल्डिहाइडने डोळे, नाक, घसा चुरचुरतो, त्वचेला इसब येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. नाकामागच्या घशाचा कर्करोग हे त्याचे मुख्य कारण होते.

सर्वांत जड किंमत ॲस्बेस्टॉसची. जास्त उष्णता सोसावी म्हणून काही प्रकारच्या बेकेलाइटमध्ये लाकडाच्या पिठाऐवजी ॲस्बेस्टॉसचे तंतू घातले गेले. गाड्यांच्या ब्रेक लायनरमध्येही अनेक दशके हीच जोडी होती, फिनॉलची राळ आणि ॲस्बेस्टॉस. वस्तू अखंड असेपर्यंत तंतू अडकलेले राहतात. ती घासली, कापली, झिजली की ते हवेत उडतात आणि फुप्फुसात जाऊन बसतात. त्यातून होणारा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग वीस ते पन्नास वर्षांनीही उद्भवू शकतो. तोवर कारखाना बंद झालेला असतो आणि रुग्णालाही तरुणपणीचे ते काम आठवत नाही. छातीत पाणी झालेल्या वृद्धाला पूर्वीचा व्यवसाय विचारायचा असतो, तो यासाठीच.

आजचा शोध आणि काजूचे टरफल

म्हणूनच नव्या संशोधनाचे दोन प्रश्न आहेत. राळेत तंतू कोणता घालायचा आणि राळ कशापासून करायची? तंतूंसाठी ताग, अंबाडी, घायपात, बांबू, केळीचे सोपट यांच्यावर काम चालू आहे. ते हलके असतात आणि दरवर्षी शेतात पुन्हा उगवतात. अडचण अशी, की वनस्पतींचे धागे पाणी शोषून फुगतात आणि राळेला नीट धरत नाहीत. मग धाग्यांवर आधी प्रक्रिया करावी लागते. त्या प्रक्रियेची रसायने कुठे जातात, हाही हिशेब मांडावा लागतो.

राळेसाठी एक उत्तर कोकणात आणि गोव्यात पूर्वीपासून आहे. काजूच्या टरफलात एक दाहक तेल असते. काजू सोलणाऱ्या बायकांची बोटे त्याने भाजतात, सोलपटतात. बिब्बा उतल्यावर अंगावर जे होते, तोच हा प्रकार. बिब्बा आणि काजू एकाच कुळातले आणि त्यांच्यातली दाहक द्रव्येही एकाच जातीची. या तेलातून मिळणारे कार्डॅनॉल हे निसर्गाने बनवलेले फिनॉलच. त्याला फक्त एक लांब शेपटी असते. त्यामुळे खनिज तेलापासूनच्या फिनॉलचा काही भाग त्याने बदलता येतो. ब्रेक लायनरमध्ये काजूच्या तेलाची राळ फार वर्षांपासून वापरात आहे. शिवाय तिच्यासाठी वेगळी शेती लागत नाही, टरफल उरतेच.

पण इथेही सावध राहायला हवे. या राळेत बहुधा फॉर्मल्डिहाइड लागतेच आणि एकदा घट्ट झाली की तीही वितळत नाही. झाडापासून आले म्हणजे निर्धोक, असे समीकरण नाही. बिब्बाही झाडापासूनच येतो. जोडलेले जाळे गरज पडल्यावर पुन्हा सोडवता येईल, अशा राळा शोधण्याचे प्रयत्न म्हणूनच महत्त्वाचे ठरतात. बेकलँड यांनी बांधलेली गाठ सोडवण्याचेच हे काम आहे.

घरात आणि कामावर

तोपर्यंत काही साध्या गोष्टी पाळता येतात. कुकरचे तुटलेले हँडल चिकटवत बसू नये, बदलून घ्यावे. तुटके हँडल, जुनी बटणे, सनमायकाचे तुकडे चुलीत किंवा शेकोटीत टाकू नयेत. प्लायवूडचे नवे फर्निचर आले की काही दिवस खिडक्या आणि कपाटांची दारे उघडी ठेवावीत, विशेषतः घरात दम्याचा रुग्ण किंवा लहान मूल असेल तर. प्लायवूड घेताना फॉर्मल्डिहाइड कमी सोडणारा दर्जा विचारावा. सुतारकाम चालू असताना कामगाराने चांगला मास्क लावावा आणि भुसा कोरडा न झाडता ओल्या फडक्याने टिपावा. गॅरेजमध्ये ब्रेकची धूळ हवेच्या झोताने उडवू नये. काजू सोलताना हातमोजे वापरावेत, निदान हाताला तेल लावावे.

बेकलँड यांनी लाखेला पर्याय शोधला, तेव्हा पदार्थ किती टिकतो एवढाच प्रश्न त्या काळाने त्यांना विचारला होता. त्याचे उत्तर त्यांनी चोख दिले. काम संपल्यावर पदार्थ जातो कुठे, हा प्रश्न पुढच्या पिढ्यांच्या वाट्याला आला. भंगारवाल्याने बाजूला टाकलेले ते काळे हँडल अजून तिथेच पडले आहे.